व्हिम किंवा नॅनोमध्ये फाइल सेव्ह होत नाही? ‘परमिशन डिनाइड’चा माग असा काढा

कॉन्फिग फाइल उघडली, अर्धा तास डोकं लावून बदल केले, सेव्ह करायला गेलात आणि एडिटरने खाली लाल पट्टी दाखवली: परवानगी नाही. टर्मिनलवर नव्याने काम करणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी भेटतंच. मग इंटरनेटवर शोध होतो आणि बहुतेक वेळा दोन उत्तरं हाती लागतात, ‘पुढे सुडो लाव’ (म्हणजे कमांड रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या नावाने चालव) नाहीतर ‘७७७ मार’ (म्हणजे सगळ्यांना सगळ्या परवानग्या दे). पहिलं कधीकधी बरोबर असतं, दुसरं जवळजवळ कधीच नाही. आणि दोन्हींमध्ये मूळ प्रश्न बाजूलाच राहतो: नकार नेमका कोणी दिला? फाइलने, फाइल ज्या डिरेक्टरीत आहे तिने, की डिस्कने? हे कळलं की उपाय बहुधा एका ओळीचा असतो.

लिहिण्याच्या पद्धतीबद्दल एक सूचना. या लेखात कमांड देवनागरीत, उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीतच टाइप करायच्या. मोठं अक्षर हवं असेल तिथे तसं सांगितलं आहे, बाकी सगळी छोटी. उच्चारावरून स्पेलिंग लागणार नाही असं वाटलं तिथे अक्षरंही फोडून दिली आहेत. उदाहरणं लिनक्सची आहेत, मॅकवर वेगळं काय होतं ते शेवटी.

पायरी १: एडिटर बंद करू नका

तुम्ही केलेले बदल या क्षणी फक्त एडिटरच्या मेमरीत आहेत. वैतागून टर्मिनलची खिडकी बंद केली तर ते जाऊ शकतात. म्हणून आधी मजकूर सुरक्षित करा, कारणाचा शोध नंतर.

व्हिममध्ये एस्केप दाबा, कोलन टाइप करा, मग डब्ल्यू, स्पेस आणि तुमच्या होम डिरेक्टरीतलं एखादं नाव: ‘:डब्ल्यू ~/प्रत.टीएक्सटी’. नॅनोमध्ये कंट्रोल आणि ओ दाबलं की खाली फाइलचं नाव दिसतं. ते खोडून होममधलं नाव लिहा आणि एंटर दाबा. नाव बदलून सेव्ह करायचं का असं नॅनो विचारेल, त्याला वाय म्हणा. ईमॅक्समध्ये कंट्रोल-एक्स, कंट्रोल-डब्ल्यू.

बरेच जण अशा वेळी प्रत ‘/टीएमपी’मध्ये टाकतात. साध्या मजकुराला हरकत नाही, पण फाइलमध्ये पासवर्ड किंवा की असेल तर होमच बरं. ‘/टीएमपी’ सगळ्यांची असते आणि तिथे नव्याने बनलेली फाइल सहसा इतरांनाही वाचता येते.

ही प्रत मूळ जागी परत नेताना कॉपी करा, हलवू नका. म्हणजे ‘सुडो सीपी’ वापरा, ‘सुडो एमव्ही’ नको. असलेल्या फाइलवर सीपी केलं की फक्त आतला मजकूर बदलतो, तिचा मालक आणि परवानग्या होत्या तशाच राहतात. एमव्ही मात्र जुन्या फाइलच्या जागी तुमची फाइल आणून ठेवतं, तुमची मालकी आणि तुमच्या परवानग्यांसकट. मग जी सेवा काल ती फाइल वाचत होती तिला आज ती वाचता येत नाही आणि एकाच्या जागी दोन अडचणी होतात.

पायरी २: संदेश शब्दन् शब्द वाचा

युनिक्सचा सगळ्यात जुना एडिटर ‘ईडी’ चूक झाली की नुसतं एक प्रश्नचिन्ह छापायचा, बाकी तुम्ही समजून घ्या. आजचे एडिटर त्यामानाने बोलके आहेत, आपणच त्यांचं ऐकत नाही. नकाराचे संदेश दिसायला सारखे वाटतात, पण प्रत्येकाचा अर्थ वेगळा असतो.

‘परमिशन डिनाइड’ म्हणजे परवानग्यांच्या नेहमीच्या नियमांनी अडवलं. मालक, गट, डिरेक्टरी या गोष्टी तपासायच्या. बहुतेक वेळा हाच असतो.

‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ हा वेगळा प्राणी. इथे फाइलच्या नेहमीच्या परवानग्या ठीक असूनही काहीतरी आडवं येतं, उदाहरणार्थ फाइलवर लावलेली ‘बदलू नये’ अशी खूण. दुसऱ्याच्या फाइलची परवानगी बदलायला गेलात तरी हेच उत्तर मिळतं, कारण तो अधिकार फक्त मालकाला आणि रूटला असतो.

‘रीड-ओन्ली फाइल सिस्टीम’ म्हणजे अख्खा विभागच फक्त वाचण्यासाठी जोडलेला आहे. इथे परवानग्या कितीही बदला, बदलायचा प्रयत्नही फसेल.

‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ म्हणजे जागा संपली. याचा परवानगीशी संबंध नाही, तरी लोक इथेही सुडो लावून बघतात. गंमत म्हणजे ते कधीकधी चालतं! ईएक्सटी४ फाइल सिस्टीम बनवताना डिस्कचा ५ टक्के भाग मुळातच रूटसाठी राखून ठेवला जातो. तुमच्यासाठी डिस्क भरलेली असते, रूटसाठी नसते. त्यामुळे दुखणं परवानगीचंच होतं असा गैरसमज पक्का होतो.

व्हिम या मूळ संदेशांवर स्वतःचे क्रमांक चढवतो, त्यातले काही ओळखीचे असलेले बरे. फाइल उघडताच खाली ‘रीडओन्ली’ दिसलं तर लिहिण्याची परवानगी नाही हे व्हिमला तेव्हाच कळलेलं असतं. टाइप करायला सुरुवात केली की डब्ल्यू१० हा इशारा येतो. तो येताच थांबलात तर पुढचा अर्धा तास वाचतो. तरीही सेव्ह करायला गेलात तर ई४५ येतं आणि सोबत ‘उद्गारचिन्ह लावून बघा’ असा सल्ला. तो ऐकला आणि परवानगी खरंच नसली की ई२१२: ‘कान्ट ओपन फाइल फॉर रायटिंग’.

ई२१२ नकाराचं कारण सांगत नाही. परवानगी नसली तरी तेच, आणि ज्या डिरेक्टरीत फाइल ठेवायची आहे ती अस्तित्वातच नसली तरी तेच. पाथमध्ये एक अक्षर चुकलेलं असतं आणि माणूस तासभर परवानग्या शोधत बसतो. म्हणून ई२१२ दिसल्यावर आधी ‘एलएस’ने डिरेक्टरी खरंच आहे का ते बघा. नसेल आणि हवी असेल तर व्हिममधूनच बनवता येते: कोलन, उद्गारचिन्ह, ‘एमकेडीआयआर -पी’, स्पेस, टक्केचिन्ह, कोलन, एच. टक्केचिन्ह म्हणजे सध्याची फाइल, आणि पुढचं कोलन-एच म्हणजे त्या पाथमधला डिरेक्टरीपर्यंतचा भाग.

आणखी एक फसवा प्रकार म्हणजे वाचण्याचीच परवानगी नसणं. तेव्हा व्हिम खाली ‘परमिशन डिनाइड’ म्हणतो, पण समोर कोरं पान दाखवतो. फाइल रिकामी आहे असं समजून नव्याने लिहायला बसू नका.

पायरी ३: तुम्ही कोण आणि फाइल कोणाची

आता दुसरं टर्मिनल उघडा आणि ‘आयडी’ ही दोन अक्षरांची कमांड चालवा. तुमचं नाव, क्रमांक आणि तुम्ही ज्या-ज्या गटांत आहात ते सगळे गट दिसतील. मग ‘एलएस -एल’ आणि पुढे फाइलचा पूर्ण पाथ. समजा फाइल आहे ‘/ईटीसी/होस्ट्स’. ओळीच्या सुरुवातीला दहा चिन्हं दिसतील: उणेचिन्ह, मग आर-डब्ल्यू-उणे, मग आर-उणे-उणे, मग पुन्हा आर-उणे-उणे. पुढे मालकाचं नाव आणि गटाचं नाव, दोन्ही रूट.

पहिलं चिन्ह प्रकार सांगतं: उणेचिन्ह म्हणजे साधी फाइल, डी म्हणजे डिरेक्टरी, एल म्हणजे दुसरीकडे बोट दाखवणारी लिंक. उरलेली नऊ म्हणजे तीन-तीनचे तीन संच: मालकासाठी, गटासाठी, इतरांसाठी. आर म्हणजे वाचणं, डब्ल्यू म्हणजे लिहिणं, एक्स म्हणजे चालवणं. आकड्यांत मांडताना आर चे ४, डब्ल्यू चे २ आणि एक्सचा १ धरून प्रत्येक संचाची बेरीज करतात. वरची फाइल झाली ६४४. मालकाला वाचता-लिहिता येतं, बाकीच्यांना फक्त वाचता येतं. तुम्ही रूट नसाल तर सेव्ह न होणं अगदी योग्यच आहे.

या तीन संचांचा एक नियम नवख्यांना हमखास चकवतो. सिस्टीम तिन्ही संच जोडून बघत नाही, तुम्हाला लागू होणारा पहिलाच संच घेते आणि तिथेच थांबते. तुम्ही मालक असाल तर फक्त मालकाचा संच. त्यात डब्ल्यू नसेल तर गटाला तो असून आणि तुम्ही त्या गटात असूनही तुम्हाला नकारच मिळणार. परवानगी ४६४ असलेली फाइल तिच्या मालकालाच लिहिता येत नाही, गटातल्या बाकीच्यांना मात्र येते. विचित्र दिसतं, पण नियम तसाच आहे.

फाइल लिंक असेल तर ओळीच्या शेवटी बाण आणि खऱ्या फाइलचा पाथ दिसतो. लिंकच्या नऊ चिन्हांकडे लक्ष देऊ नका, लिनक्सवर ती नेहमीच सगळं खुलं असल्यासारखी दिसतात. ‘एलएस -एल’ खऱ्या फाइलवर चालवा. किंवा त्यातल्या छोट्या एलला मोठं एल जोडा, म्हणजे लिंक आपोआप ओलांडली जाते.

पायरी ४: वरच्या डिरेक्टऱ्या

फाइलची परवानगी बरोबर दिसते, मालक तुम्हीच आहात, तरी नकार. अशा वेळी बहुतेकांची नजर फाइलवरच खिळते. पण फाइलपर्यंत पोहोचायला वाटेतल्या प्रत्येक डिरेक्टरीवर तुम्हाला एक्स हवा. डिरेक्टरीच्या बाबतीत एक्स म्हणजे ‘चालवणं’ नव्हे, आत शिरण्याची मुभा. वाड्याचं फाटकच बंद असेल तर आतल्या खोलीला कुलूप नसून काय उपयोग?

प्रत्येक डिरेक्टरी एकेक करून तपासण्यापेक्षा ‘नेमआय’ वापरा, अक्षरं एन-ए-एम-ई-आय: ‘नेमआय -एल’ आणि पुढे फाइलचा पूर्ण पाथ. मुळापासून फाइलपर्यंतची प्रत्येक पायरी, तिची परवानगी आणि मालक, सगळं एकाखाली एक छापून येतं. लोकांना ही कमांड फारशी माहीत नसते. माझ्या मते परवानग्यांच्या शोधात सगळ्यात जास्त वेळ वाचवणारी हीच.

डिरेक्टरीवरच्या डब्ल्यूचा अर्थही नीट समजून घ्या. आत नवी फाइल बनवणं, असलेलीचं नाव बदलणं आणि ती पुसणं या तिन्ही गोष्टी डिरेक्टरीच्या डब्ल्यूवर ठरतात, फाइलच्या नाही. म्हणून तुमच्या डिरेक्टरीत रूटने बनवलेली फाइल तुम्हाला लिहिता येत नाही, पण पुसता येते. ‘/टीएमपी’ला याच कारणासाठी वेगळी खूण असते. तिची परवानगी १७७७, त्यातल्या पहिल्या एकाला स्टिकी बिट म्हणतात. डिरेक्टरी सगळ्यांना खुली असली तरी तिथली फाइल ज्याची त्यालाच, डिरेक्टरीच्या मालकाला किंवा रूटला पुसता येते.

व्हिमचं उद्गारचिन्ह, म्हणजे ‘:डब्ल्यू!’, हाच नियम वापरतं. फाइल दुसऱ्याची आणि डिरेक्टरी तुमची असेल तर व्हिम जुनी फाइल बाजूला सारून त्याच नावाची नवी बनवू शकतो. सेव्ह झालं म्हणून तुम्ही खूश होता, पण फाइलचा मालक आता तुम्ही असता. वेब सर्व्हरची किंवा डेटाबेसची फाइल असेल तर ही गोष्ट महागात पडते. उद्गारचिन्ह लावून सेव्ह झालंच तर लगेच ‘एलएस -एल’ करून मालक बदलला का ते पाहा.

ई३०३ हाही डिरेक्टरीशी संबंधित संदेश. व्हिम काम चालू असताना एक तात्पुरती स्वॅप फाइल बनवतो, ती बनवायला जागा मिळाली नाही की हा येतो. संपादन करता येतं, पण मध्येच वीज गेली तर मजकूर परत मिळणार नाही.

पायरी ५: योग्य तो उपाय

आता उपाय. फाइल कोणाची असायला हवी, यावर तो ठरतो.

फाइल तुमचीच आहे, फक्त डब्ल्यू नाही: ‘सीएचमॉड यू+डब्ल्यू’ आणि फाइलचं नाव. सुडोची गरज नाही.

फाइल तुमच्या होममध्ये आहे पण मालक रूट दिसतो: कधीतरी सुडो लावून चालवलेल्या कमांडने मागे ठेवलेली ती फाइल असते. सुडो लावून गिट क्लोन केलं, पॅकेज बसवलं, किंवा नुसता एडिटर उघडला तरी असं होऊ शकतं. व्हिम बंद करताना ई१३७ येऊन ‘व्हिमइन्फो’ फाइल लिहिता येत नाही असं म्हणत असेल तर कारण बहुधा हेच. मालकी परत घ्या: ‘सुडो सीएचओन’, तुमचं नाव, कोलन, तुमचा गट, मग फाइल. अक्षरं सी-एच-ओ-डब्ल्यू-एन. अख्ख्या डिरेक्टरीसाठी मोठं आर लावतात, पण ते लावण्याआधी तुम्ही कुठे उभे आहात ते ‘पीडब्ल्यूडी’ने बघा.

फाइल अनेकांनी मिळून वापरायची आहे: इथे गट बनवणं हाच सरळ मार्ग. ‘सुडो यूजरमॉड -एजी’, गटाचं नाव, मग वापरकर्त्याचं नाव, यात ए छोटा आणि जी मोठा. तो ए विसरू नका. ए नसेल तर कमांड तुम्हाला नव्या गटात घालते आणि बाकीच्या सगळ्या पूरक गटांतून काढून टाकते. त्यात सुडो वापरण्याचा अधिकार देणारा गटही आला, मग चूक सुधारायलाही सुडो उरत नाही. शिवाय गटातला बदल चालू सत्राला लागू होत नाही. लॉग आउट करून परत या, किंवा त्या टर्मिनलपुरतं ‘न्यूजीआरपी’ आणि गटाचं नाव. ‘गटात घातलं तरी चालत नाही’ या तक्रारीचं मूळ जवळजवळ दरवेळी इथेच असतं.

तेवढं करूनही दोन दिवसांनी तक्रार परत येते, कारण एकाने बनवलेली नवी फाइल त्याच्या स्वतःच्या गटाची असते. त्यासाठी सामायिक डिरेक्टरीवर ‘सीएचमॉड जी+एस’ करून ठेवा, म्हणजे आत बनणाऱ्या फाइली डिरेक्टरीचाच गट घेतील. आणि ‘यूमास्क’, म्हणजे नव्या फाइलीतून कोणत्या परवानग्या वगळायच्या ते सांगणारा आकडा, बघा. तो ०२२ असेल तर नव्या फाइलीत गटाला डब्ल्यू मिळतच नाही, ०२ किंवा ००२ हवा.

फाइल सिस्टीमची आहे, ‘/ईटीसी’मधली वगैरे: मालकी आणि परवानगीला हात लावू नका. ती रूटचीच राहू दे, तुम्ही फक्त तेवढ्यापुरता रूटचा अधिकार घ्या. तोही ‘सुडो व्हिम’ने नाही, ‘सुडोएडिट’ने.

फरक असा. ‘सुडो व्हिम’मध्ये अख्खा एडिटर रूट म्हणून चालतो, त्याचे प्लगइन रूट म्हणून चालतात, त्यातून उघडलेला शेलही (तुमच्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) रूटचाच. ‘सुडोएडिट’ आधी फाइलची तात्पुरती प्रत तुमच्या मालकीची करून देतं. एडिटर तुमच्या नावाने, तुमच्या सेटिंगसकट उघडतो. तुम्ही सेव्ह करून बाहेर पडलात की बदललेला मजकूर मूळ जागी परत लिहिला जातो, मालक आणि परवानग्या न बदलता. ‘सुडो -ई’ म्हणजेही हेच. नको तो एडिटर उघडला तर ‘सुडो_एडिटर’, ‘व्हिज्युअल’ आणि ‘एडिटर’ ही एन्व्हायर्नमेंटमधली तीन नावं याच क्रमाने बघितली जातात, ही नावं मोठ्या अक्षरांत. मात्र ज्या डिरेक्टरीत तुम्हालाच लिहिता येतं तिथली फाइल आणि लिंक असलेली फाइल ‘सुडोएडिट’ सुरक्षेसाठी सहसा नाकारतं.

‘/ईटीसी/सुडोअर्स’ला मात्र ‘सुडोएडिट’ही नको, तिच्यासाठी ‘व्हीआयसुडो’ आहे. ते सेव्ह करण्यापूर्वी व्याकरण तपासतं. त्या फाइलीत एक चुकीची ओळ गेली तर सुडोच चालायचा बंद होऊ शकतो.

आणि बदल आधीच करून झाले असतील, व्हिम उघडाच असेल तर? तेव्हाची जुनी युक्ती: कोलन, डब्ल्यू, स्पेस, उद्गारचिन्ह, ‘सुडो टी’, स्पेस, टक्केचिन्ह. टी म्हणजे टी-ई-ई. यातली स्पेस महत्त्वाची. डब्ल्यूला चिकटलेलं उद्गारचिन्ह म्हणजे ‘जबरदस्तीने सेव्ह कर’, स्पेस देऊन आलेलं म्हणजे ‘हा मजकूर पुढच्या कमांडला दे’. व्हिम मजकूर टीला देतो, टी रूट म्हणून चालत असल्याने फाइलीत लिहितो. त्यानंतर फाइल बाहेरून बदलली असा इशारा येईल, तिथे एल दाबून नव्याने वाचून घ्या. निओव्हिममध्ये ही युक्ती अडते, कारण तिथे सुडोला पासवर्ड विचारायला टर्मिनल मिळत नाही. तिथे पायरी १ मधली प्रत आणि ‘सुडो सीपी’ हाच मार्ग. ईमॅक्स वापरणाऱ्यांनी फाइल उघडताना पाथच्या आधी ‘/सुडो::’ लिहावं. मायक्रो हा एडिटर तर स्वतःच विचारतो की सुडोने सेव्ह करू का.

टी मध्ये आणण्याचं कारण एका नेहमीच्या चुकीशी जोडलेलं आहे. ‘सुडो इको’ करून पुढे ‘पेक्षा मोठे’चं चिन्ह आणि ‘/ईटीसी’मधली फाइल दिली तरी नकार येतो. सुडो फक्त इकोला लागू झाला. चिन्हापुढची फाइल उघडण्याचं काम तुमचा शेल करतो आणि तो तुम्हीच असता.

सुडो चालवल्यावर ‘तुम्ही सुडोअर्समध्ये नाही’ असं उत्तर आलं तर उबुंटू-डेबियनवर ‘सुडो’ आणि फेडोरा-रेड हॅटवर ‘व्हील’ या गटात तुमचं नाव हवं. डेबियन बसवताना रूटला पासवर्ड दिला असेल तर पहिला वापरकर्ता त्या गटात नसतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मशीन दुसऱ्याचं असेल तर मात्र त्याच्या व्यवस्थापकाशी बोला.

७७७ बद्दल

७७७ म्हणजे मशीनवरच्या प्रत्येकाला, प्रत्येक प्रोग्रॅमला, लिहिण्याची आणि चालवण्याची मुभा. सुरक्षेचं जाऊ द्या, त्याने चालती कामंही थांबतात. खासगी एसएसएच की इतरांना वाचता येत असेल तर एसएसएच ती वापरायलाच नकार देतं. सुडोअर्स फाइल सगळ्यांना लिहिता येण्यासारखी झाली तर सुडो बंद पडतो. आणि कोणी ‘/यूएसआर’वर मोठ्या आरसकट ७७७ चालवलं तर सुडोच्या प्रोग्रॅमवरची सेटयूआयडी ही खास खूण पुसली जाते, मग तो रूटचा अधिकार घेऊच शकत नाही. पूर्वीच्या परवानग्या कुठेही नोंदलेल्या नसतात, त्यामुळे एका कमांडने मागे जाता येत नाही. साध्या फाइलला ६४४, डिरेक्टरीला ७५५, गुपित असलेल्या फाइलला ६०० हे आकडे बहुतेक ठिकाणी पुरतात.

पायरी ६: सगळं बरोबर दिसतं, तरी नकार

इथवर आलात तर प्रकरण जरा खोल आहे. क्रमाने बघा.

रूटलाही ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ येत असेल तर ‘एलएसअ‍ॅटर’ चालवा, अक्षरं एल-एस-ए-डबल टी-आर. उत्तरात आय दिसला तर फाइलवर ‘बदलू नये’ अशी खूण आहे. ‘सुडो सीएचअ‍ॅटर -आय’ने ती निघते. पण ती कोणीतरी मुद्दाम लावलेली असते. ‘/ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ’ नेटवर्कच्या सेवांनी पुन्हा-पुन्हा बदलू नये म्हणून लोक हेच करतात. काढण्याआधी कारण शोधा. आयच्या जागी ए असेल तर फाइलच्या शेवटी भर घालता येते, मधलं बदलता येत नाही.

‘रीड-ओन्ली’ म्हणत असेल तर ‘फाइंडएमएनटी -टी’, यात टी मोठा, आणि फाइलचा पाथ. तो विभाग कसा जोडला आहे ते दिसतं, आरओ म्हणजे फक्त वाचण्यासाठी. मुद्दाम तसा जोडला असेल तर ‘सुडो माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू’ने बदलता येतो. पण कालपर्यंत लिहिता येत होतं आणि आज अचानक बंद झालं असेल तर थांबा. डिस्कमध्ये दोष आढळला की लिनक्स कधीकधी स्वतःच विभाग वाचण्यापुरता करून टाकतं. ‘सुडो डीमेसेज’मध्ये, अक्षरं डी-एम-ई-एस-जी, डिस्कच्या चुका दिसल्या तर जबरदस्तीने लिहू नका. आधी बॅकअप घ्या.

जागेसाठी ‘डीएफ -एच’, आणि ती मोकळी दिसली तर ‘डीएफ -आय’. लाखो बारक्या फाइलींनी आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलसाठी लागणाऱ्या नोंदी, संपतात, तेव्हा जागा असूनही नवी फाइल बनत नाही.

‘एलएस -एल’च्या दहा चिन्हांनंतर अधिकचिन्ह असेल तर फाइलवर एसीएल, म्हणजे वेगळ्या परवानग्यांची यादी आहे. ‘गेटएफएसीएल’ने ती वाचा. अशा फाइलीत मधला, गटाचा संच प्रत्यक्षात गटाची परवानगी दाखवत नाही. तो यादीवरची कमाल मर्यादा दाखवतो, त्यामुळे नुसत्या चिन्हांवरून निष्कर्ष काढू नका. अधिकचिन्हाच्या जागी टिंब असेल तर एसईलिनक्स या जादा सुरक्षा यंत्रणेचं लेबल आहे. एडिटरला त्याचा त्रास क्वचितच होतो, सेवांना जास्त होतो. ‘एलएस -झेड’, झेड मोठा, एवढं बघून ठेवा.

एडिटर स्नॅप पॅकेजमधून बसवला असेल तर तो कुंपणात चालत असू शकतो. होममधल्या टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइली अशा एडिटरला सहसा दिसत नाहीत. तीच फाइल साध्या ‘कॅट’ने वाचता आली आणि एडिटरने उघडली नाही, तर दोष फाइलचा नाही.

कंटेनरमधून (प्रोग्रॅम बंदिस्त, वेगळ्या वातावरणात चालवण्याची सोय) बनलेल्या फाइली बाहेर रूटच्या नावाने दिसतात, किंवा मालकाच्या जागी नुसता आकडा दिसतो. लिनक्स मालकाला क्रमांकाने ओळखतं आणि नाव आपल्यासाठी छापतं. आत १००० क्रमांकाचा एक आणि बाहेर १००० चा दुसराच असेल तर गोंधळ ठरलेला. ‘एलएस -एन’ने क्रमांक बघा आणि कंटेनर तुमच्या क्रमांकाने चालवा.

मॅकवर ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ आलं आणि परवानग्या स्वच्छ दिसल्या तर सिस्टीम सेटिंग्जमध्ये जा. २०१९च्या कॅटालिनापासून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स या फोल्डरांसाठी टर्मिनलला वेगळी मुभा लागते, काही जागांसाठी ‘फुल डिस्क अ‍ॅक्सेस’. ती दिल्यावर टर्मिनल पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. सिस्टीमच्या स्वतःच्या फाइलींना २०१५च्या एल कॅपिटनपासून रूटही हात लावू शकत नाही, तिथे हट्ट करू नका. तुमच्याच फाइलवर कुलूप असेल तर ‘एलएस -एलओ’, एल छोटा आणि ओ मोठा, यात ‘यूसीएचजी’ हा शब्द दिसेल. ‘सीएचफ्लॅग्ज नोयूसीएचजी’ने ते निघतं.

विंडोजवर लिनक्स चालवणाऱ्या डब्ल्यूएसएलमध्ये ‘/एमएनटी/सी’खालच्या फाइलींवर सीएचमॉड चालवून काहीच बदलत नाही, असं दिसलं तर दचकू नका. तिथे ‘मेटाडेटा’ हा पर्याय लावून ड्राइव्ह जोडलेला नसेल तर लिनक्सच्या परवानग्या जपल्याच जात नाहीत. तो ‘/ईटीसी/डब्ल्यूएसएल.कॉन्फ’मध्ये लावता येतो, किंवा काम सरळ लिनक्सच्या बाजूच्या होममध्ये हलवता येतं. मी दुसरं सुचवेन, तिथे फाइली उघडतातही जास्त वेगाने.